तालमीतले जोर, मोबाइलमधले जोर

'रूनस्केप' हा ऑनलाइन खेळ २००१ पासून चालू आहे. त्यात लाकूड तोडणं, मासे पकडणं, खाणीतून धातू काढणं अशी साधी कामं असतात. ती करत राहिलं की गुण मिळतात आणि गुणांनी पायऱ्या चढता येतात. एखाद्या कामाची ९९वी पायरी गाठायला १ कोटी ३० लाख ३४ हजार ४३१ गुण लागतात. ९२व्या पायरीवर पोचलेल्या खेळाडूच्या खात्यात ६५ लाख १७ हजार २५३ गुण असतात. म्हणजे ब्याण्णव पायऱ्या चढून झाल्यावर गडी जेमतेम अर्ध्या वाटेवर आलेला असतो. हे गणित खेळणाऱ्या सगळ्यांना पाठ असतं. त्यावर ते आपापसात विनोद करतात आणि पुन्हा त्याच झाडावर कुऱ्हाड चालवू लागतात.

या प्रकाराला खेळणारे 'ग्राइंड' म्हणतात. असे मोठे, हजारो लोकांनी एकाच जगात एकत्र खेळायचे खेळ कोल्हापुरात फार घरांत पोचलेले नाहीत. त्यांतल्या बऱ्याच खेळांना बरा कॉम्प्युटर लागतो आणि तो बहुतेक घरांत एक तर नसतो किंवा थोरल्या बहिणीच्या प्रोजेक्टसाठी राखलेला असतो. इथं राज्य मोबाइलचं. बीजीएमआय, फ्री फायर मॅक्स. हे गोळीबाराचे खेळ आहेत, त्यांना कुणी 'रोल प्लेइंग' म्हणणार नाही. पण त्या मोठ्या खेळांतलं ग्राइंडचं सगळं सामान यांनी उचललंय : लेव्हल, डेली मिशन, सीझन, पास, रोज हजेरी लावल्याचं बक्षीस. पेठेतल्या कट्ट्यावर चार पोरं माना खाली घालून बसलेली दिसली आणि विचारलं, तर उत्तर येतं, "रँक पुश करतोय." खेळतोय, असं फारसं कुणी म्हणत नाही. पुश करतोय म्हणतात, ढकलतोय. त्यात कष्ट गृहीत धरलेले आहेत.

घरातल्यांची तक्रारही नेमकी तीच : "तेच तेच तासन्‌तास करून काय मिळतंय रे?"

तक्रार रास्त आहे, पण या गावात ती तेवढ्यावर टिकत नाही. तेच तेच तासन्‌तास करण्यावरच तर कोल्हापूरचं नाव उभं राहिलंय. गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरी या तालमींत पहाटे अंधारात पोरं उठतात आणि शेकड्यांनी जोर मारतात, बैठका काढतात. हौद्यातली माती खोऱ्यानं उकरायची, पुन्हा सारखी करायची, हासुद्धा व्यायामच. त्या मातीत तेल, ताक, हळद पडते ती वेगळी. एकच डाव, घिस्सा म्हणा, ढाक म्हणा, अंगात भिनेपर्यंत हजार वेळा करायचा. संध्याकाळी पुन्हा तेच. शाहू महाराजांनी १९१२ मध्ये खासबागेचं मैदान उभारलं, ते या पुनरावृत्तीचा निकाल हजारो लोकांना एकदम बघता यावा म्हणून. खाशाबा जाधवांना १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जायला पैसे कमी पडले, तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. समाज कुठल्या पुनरावृत्तीवर घर गहाण टाकतो आणि कुठल्या पुनरावृत्तीवर वायफाय बंद करतो, हा प्रश्न म्हणून आपल्याच अंगणातला आहे.

अगदी अलीकडचं उदाहरण घ्या. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात ब्राँझ जिंकलं. नेमबाजांच्या सरावातला मोठा भाग 'ड्राय' असतो. रायफलीत गोळी नसते. उभं राहायचं, श्वास धरायचा, ट्रिगर दाबायचा, परत पहिल्यापासून. गुण पडत नाहीत, आवाजही होत नाही. बाहेरून बघणाऱ्याला हे झाड तोडण्याहून कंटाळवाणं वाटेल. पदक मिळाल्यावर मात्र आपण त्याला तपश्चर्या म्हणतो.

तेव्हा पुनरावृत्ती वाईट, असं म्हणून कोल्हापूरकराला सुटता येणार नाही. पोरगा नेमकं तेच तोंडावर फेकेल, आणि त्याचं चुकलेलं नसेल. मग फरक कुठे आहे? का नाहीच?

बहुतेक लोक पहिला फरक सांगतात तो शरीराचा. तालमीत अंग घडतं, मोबाइलवर मान मोडते. यात तथ्य आहे, पण ते पुरेसं नाही. बुद्धिबळानंही अंग घडत नाही आणि तबल्याच्या रियाजानं बोटं घडतात तेवढीच. दुसरा फरक असा सांगतात की खेळातलं काही उरत नाही. हाही अर्धा खरा. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' नोव्हेंबर २००४ मध्ये आला, तेव्हा त्यातल्या मोठ्या मोहिमांना चाळीस माणसं एकाच वेळी लागायची. चाळीस जणांना ठरल्या वेळी जमवणं, कामं वाटणं, मिळालेल्या वस्तूंवरची भांडणं मिटवणं हे ज्यानं वर्षभर केलं, त्याच्या हाती काहीच उरलं नाही असं कसं म्हणता येईल? गणपती मंडळ चालवणाऱ्याला त्यातली मेख लगेच कळेल.

उरण्याची दुसरी बाजू मात्र आपल्याकडच्या पोरांनी चांगलीच अनुभवली आहे. २ सप्टेंबर २०२० ला केंद्र सरकारनं ११८ ॲपवर बंदी घातली, त्यात पबजी मोबाइल होतं. ऑक्टोबरअखेर सर्व्हरही बंद झाले. दोन-दोन वर्षं रात्री जागवून चढवलेल्या आयडी एका आदेशानं गेल्या. जुलै २०२१ मध्ये तोच खेळ बीजीएमआय म्हणून परतला आणि जुना हिशेब काही काळ नव्या खात्यात आणू दिला गेला. जुलै २०२२ मध्ये तोही ॲप स्टोअरवरून काढला गेला, मे २०२३ मध्ये पुन्हा आला. त्याआधी फेब्रुवारी २०२२ मध्ये फ्री फायरवर बंदी आली होती. पैलवानाची तालीम उद्या बंद पडली तरी त्यानं कमावलेली मांडी आणि मान त्याच्यासोबत घरी जाते. आयडी कंपनीच्या कपाटात राहते आणि त्या कपाटाची किल्ली कधी कंपनीकडे असते, कधी सरकारकडे. खेळणाऱ्याकडे कधीच नसते. पालकांनी पोराला सांगावी अशी ही गोष्ट आहे. "वेळ वाया घालवतोस"पेक्षा ती त्याला लवकर पटते, कारण त्यानं ती सोसलेली असते.

माझ्या मते खरा फरक तिसरीकडेच आहे. तो बघायचा तर हे ग्राइंड खेळात आलं कशासाठी, ते तपासायला हवं.

पायऱ्या आणि अनुभवाचे गुण ही कल्पना १९७४ च्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या टेबलाभोवती बसून खेळायच्या खेळातली. तिथं मित्रच मित्रांना गुण द्यायचे. कंटाळा आला की खेळ थांबायचा आणि चहा व्हायचा. १९९९ च्या 'एव्हरक्वेस्ट'सारख्या खेळांनी हीच कल्पना इंटरनेटवर नेली आणि दर महिन्याला वर्गणी घ्यायला सुरुवात केली. मग एक अडचण उभी राहिली. नवा प्रदेश, नवे राक्षस, नव्या कथा तयार करायला शेकडो माणसांना महिनोन्‌महिने लागतात आणि खेळणारे ते चार दिवसांत संपवतात. संपलं की वर्गणी थांबते. उपाय एकच : वाट लांबवायची. एव्हरक्वेस्टमध्ये एखादा दुर्मीळ राक्षस उगवेपर्यंत खेळाडू एकाच जागी तासन्‌तास तळ ठोकून बसायचे. पुढे तर खेळाडूंनीच नंबर लावायची पद्धत पाडली. रेशनच्या दुकानापुढची शिस्त, तीही हौसेनं.

ही लांबवलेली वाट लबाडीची होती का? काही अंशी होतीच. पण तिच्यात एक सरळपणाही होता. सगळ्यांना वर्गणी सारखी, सगळ्यांना वाट सारखी. डॉक्टरच्या पोरालाही तेच झाड तोडावं लागायचं. ज्याच्या अंगावर भारी चिलखत, त्यानं ते वेळ देऊन मिळवलं, हे समोरच्याला कळायचं आणि त्याचा मान मिळायचा. तालमीतल्या पैलवानाचा कान मोडलेला दिसला की न सांगता जे कळतं, तसं.

'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'च्या चाचणीच्या काळातला एक किस्सा खेळ बनवणाऱ्यांच्या जगात प्रसिद्ध आहे. लोकांनी सलग फार वेळ बसू नये म्हणून निर्मात्यांनी एक नियम केला : काही वेळानंतर गुण अर्धे मिळतील. खेळणारे भडकले. मग निर्मात्यांनी आकडे जवळपास तसेच ठेवून नावं फिरवली. अर्ध्याला 'नेहमीचे गुण' म्हटलं आणि पुरत्याला 'विश्रांतीचा बोनस', दुप्पट. जो थोडा वेळ बाहेर राहून येईल त्याला बोनस. लोक खूश. हा किस्सा मला दोन्ही बाजूंनी महत्त्वाचा वाटतो. ठरवलं तर खेळालाही 'आता बस कर' म्हणता येतं, हे एक. आणि थांबवणारा नियम खेळणाऱ्यांनाच नको होता, हे दुसरं. सगळा दोष कंपनीच्या माथी मारून मोकळं होता येत नाही.

पुढे वर्गणी गेली आणि खेळ फुकट झाले. इथं गोष्ट बदलली, आणि माझ्या मते वाईट वळणावर गेली. फुकट खेळात पैसा येतो तो वाट चुकवण्याच्या विक्रीतून. पास घ्या, गुण लवकर चढतील. यूसी, डायमंड अशी खेळातली नाणी घ्या, पेटी उघडा, नशिबात असेल तर भारी वस्तू निघेल. सगळ्याच खेळांत पैशानं ताकद मिळत नाही; बीजीएमआयमध्ये बरीचशी विक्री कपड्यांची आणि बंदुकीच्या रंगांची असते, हे मान्य करायला हवं. पण जिथं वाट विकली जाते, तिथं कंपनीचा हिशेब उलटा होतो. वर्गणीच्या काळात कंटाळा ही कंपनीची अडचण होती, ती ग्राइंडनं झाकली जायची. आता कंटाळा हाच कच्चा माल. तो पुरेसा तयार केला, तरच त्यावरचं औषध खपणार. वाट नेमकी किती लांब ठेवायची हे ठरवणारा आणि जवळची वाट विकणारा एकच.

तालमीत हे होत नाही. निदान व्हायला नको असतं. वस्ताद बैठका सांगतो त्या पोराच्या दमाप्रमाणे. अंगावर आलेलं दिसलं की बसवतो, दुखापत असली की महिनाभर हौद्यात उतरू देत नाही. वस्तादाला हे पोर गावोगावच्या जत्रांच्या मैदानात उभं करायचं असतं. त्याचा मान त्या कुस्तीत आहे, बैठकांच्या आकड्यात नाही. खेळाच्या ॲपचा डोळा मात्र एकाच गोष्टीवर : हा उद्या परत येतो का. म्हणून सात दिवस सलग हजेरी लावली तर बक्षीस, एक दिवस चुकला की पहिल्यापासून. सुट्टी घेणाऱ्याला दंड करणारा वस्ताद आपण तालमीत एक दिवस ठेवून घेतला नसता.

इथवर लिहून तालमीची बाजू फारच उजळ दिसू लागली असेल, तर थोडं थांबायला हवं. हौद्यातून बाहेर पडलेली किती पोरं पुढे पैलवान म्हणून जगली? खुराकासाठी म्हशी विकलेली, जमिनीचा तुकडा विकलेली घरं या जिल्ह्यात कमी नाहीत. गुडघा गेला की पंचविशीत माणूस माजी होतो. नोकरी मिळाली तर पोलिसात किंवा साखर कारखान्यावर, नाही तर गावी. आणि पिढ्यान्‌पिढ्या या तालमींचं दार मुलींना बंद होतं. आता मुली कुस्ती खेळतात, पदकं आणतात. पण गल्लीतल्या तालमीत संध्याकाळी उठबस करणं आजही बहुतेक मुलींच्या वाट्याला येत नाही. रात्री नऊला घराबाहेर न पडता चार मैत्रिणींशी एक मोहीम लढवण्याची सोय ज्या मुलीला मोबाइलनं दिली, तिला मातीचं महत्त्व सांगायला जाताना जरा जपून बोललेलं बरं.

आणखी एक माणूस या चर्चेत सहसा धरलाच जात नाही. गोकुळ शिरगाव किंवा शिरोलीच्या एमआयडीसीत कंत्राटावर मशिन चालवणारा बावीस वर्षांचा तरुण. आठ तास, कधी बारा तास, तोच पार्ट लावायचा, तोच काढायचा. घरी येतो, जेवतो आणि मोबाइल उघडून पुन्हा तेच तेच करू लागतो. आईला कोडं पडतं, दमला नाही का हा? मला वाटतं, तो दमलाय म्हणूनच तिकडे वळतो. कारखान्यात हजारावा पार्ट काढला तरी पगार तोच, हुद्दा तोच, कंत्राट पुन्हा अकरा महिन्यांचं. खेळात शंभर केले की शंभर मोजले जातात, त्याच्या नावापुढे दिसतात, मित्र बघतात. कष्टाचा इतका सरळ हिशेब त्याला दिवसभरात दुसरीकडे कुठे मिळत नाही. त्याच्या हातून मोबाइल काढून घेणं सोपं आहे. त्या जागी काय देणार, हे सांगणं अवघड.

शहरातल्या अभ्यासिकांमध्ये एमपीएससीची तयारी करत पाचवं-सहावं वर्ष काढणाऱ्यांचंही असंच. तेच प्रश्नसंच, तीच चालू घडामोडींची वही, मूठभर जागा आणि मोठी रांग. जाहिरात कधी येईल ते ठाऊक नाही, परीक्षा कधी पुढे जाईल ते ठाऊक नाही. त्याला आपण अभ्यास म्हणतो आणि घरातले दिव्याला तेल घालतात. खेळातलं ग्राइंड त्याहून अधिक मूर्खपणाचं आहे, हे सिद्ध करणं वाटतं तितकं सोपं नाही. त्यातल्या दुर्मीळ वस्तूची शक्यता निदान काही खेळांत छापलेली तरी असते.

एकच काम कधी खेळ होतं आणि कधी मजुरी, हे चीनमध्ये फार विचित्र पद्धतीनं दिसून आलं होतं. २००७ मध्ये ज्युलियन डिबेल या पत्रकारानं न्यूयॉर्क टाइम्सच्या साप्ताहिकात तिथल्या 'गोल्ड फार्मर' मंडळींबद्दल लिहिलं. बारा-बारा तासांच्या पाळ्यांत ही तरुण पोरं 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'मधले राक्षस मारून खेळातलं सोनं गोळा करायची आणि मालक ते अमेरिकेतल्या घाईत असलेल्या खेळाडूंना विकायचा. मजुरी तासाला अमेरिकी तीस सेंटच्या आसपास. आणि पाळी संपल्यावर त्यातली काही पोरं विश्रांती म्हणून काय करायची? तोच खेळ खेळायची, स्वतःच्या खात्यावर. पडदा तोच, राक्षस तेच. संध्याकाळी मात्र किती मारायचे आणि कधी उठायचं हे सांगणारं डोक्यावर कुणी नसायचं.

२०२१ मध्ये फिलिपिन्समध्ये 'ॲक्सी इन्फिनिटी' नावाच्या खेळानं हीच मजुरी नव्या वेष्टनात आणली. खेळा आणि कमवा. कोरोनात कामं गेलेली माणसं दिवसभर त्यात राबू लागली. आत शिरायला लागणारे प्राणी विकत घ्यायची ऐपत नसलेल्यांना दुसऱ्यांनी प्राणी उसने देऊन कमाईत वाटा घेतला. चक्क खंड-मक्ता. पुढे खेळातलं चलन कोसळलं आणि मार्च २०२२ मध्ये त्याच्या व्यवस्थेवर दरोडा पडून साठ कोटी डॉलरहून अधिक किमतीची रक्कम गेली. ग्राइंडमधून पोट भरण्याची स्वप्नं दाखवणारे व्हिडिओ आपल्या पोरांच्याही मोबाइलवर येत असतात, म्हणून हा दाखला.

मग करायचं काय? सरकारांनी करून पाहिलेल्या गोष्टींत एक योगायोग गमतीचा आहे. दक्षिण कोरियात २०११ पासून सोळा वर्षांखालच्या मुलांना मध्यरात्री बारा ते सकाळी सहा ऑनलाइन खेळायला बंदी होती. ऑगस्ट २०२१ मध्ये त्या सरकारनं ही बंदी उठवत असल्याचं जाहीर केलं. त्याच महिन्यात चीननं उलटं केलं. अठरा वर्षांखालच्यांना फक्त शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सुट्टीच्या दिवशी, रात्री आठ ते नऊ, एवढीच मुभा. एकाच महिन्यात एक शेजारी दार उघडतो, दुसरा कुलूप लावतो. याचा अर्थ खात्रीचं उत्तर कुणाकडेच नाही. चीनमध्ये मोठ्यांच्या नावाची खाती वापरायची वाट पोरांनी लगेच शोधली. आपल्या घरांत तर त्याची गरजच नाही. मोबाइल मुळात आईच्या नावावर असतो.

आपल्याकडे ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. पैसे लावून पैसे जिंकण्याच्या खेळांवर बंदी आणि ई-स्पोर्ट्सला मान्यता, हा त्याचा गाभा. रमीच्या जाहिरातींनी वीट आलेल्या माणसाला तो पटावा असाच आहे. पण या कायद्याचा डोळा डावावर लावलेल्या पैशावर आहे. खेळात लावलेले तास त्याच्या नजरेत येत नाहीत. रोजच्या हजेरीची साखळी, मुद्दाम लांबवलेली वाट, नशिबाची पेटी यांचा विचार वेगळा व्हायला हवा. बेल्जियमच्या जुगार आयोगानं २०१८ मध्येच विकत घ्यायच्या नशिबाच्या पेट्यांना जुगार ठरवलं होतं. आपल्याच २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात मुलांच्या वागण्यावर पाळत ठेवायला आणि त्यांच्यावर नेम धरून जाहिराती करायला मनाई आहे. पोरगं कुठल्या क्षणी कंटाळतं हे बघून त्याच क्षणी पासची जाहिरात पुढे करणं या मनाईत बसतं का, हे कुणीतरी विचारायला हवं.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये रोगांच्या यादीत 'गेमिंग डिसऑर्डर'ला जागा दिली, ती २०२२ पासून लागू झाली. त्या व्याख्येत तासांचा आकडा नाही, हे बहुतेकांना माहीत नसतं. ताबा सुटणं, बाकी सगळ्यापेक्षा खेळाला वरचं स्थान मिळणं, नुकसान दिसत असूनही न थांबणं आणि हे साधारण वर्षभर टिकणं, असे निकष आहेत. तीन तास खेळणारा मजेत असू शकतो आणि दीड तासवाला अडकलेला. म्हणून घरात 'रोज एक तास' हा नियम केला की आपलं काम संपलं, असं समजणं भाबडेपणाचं आहे. पोरगा हरल्यावर चिडतो की न खेळल्यावर, एवढं जरी बघितलं तरी बरंच कळतं. आणि एक व्यवहाराची गोष्ट : बीजीएमआयची एक पूर्ण मॅच पंचवीस-तीस मिनिटं चालते. मध्येच वायफाय काढला तर त्याचे गुण जातात आणि तीन साथीदार तोंडघशी पडतात. चालू कुस्तीत मैदानात उतरून पोराला ओढून नेणारा बाप खासबागेनं पाहिलेला नाही. मॅच संपली की उठायचं, हा करार पाळायला पोरं बहुधा तयार असतात.

बंदीच्या बाजूनं मी नाही. ग्राइंडमध्ये मेहनतीची जी साधी गोडी आहे ती खोटी नाही, आणि मशिनवरून आलेल्या त्या तरुणाला ती नाकारण्याचा अधिकार मला दिसत नाही. मोठ्या माणसानं आपले तास कुठे घालवायचे ते त्यानं ठरवावं. अठरा वर्षांखालच्यांच्या बाबतीत मात्र दोन गोष्टी कायद्यानं थांबवाव्यात : वाट चुकवण्याची आणि नशिबाच्या पेट्यांची विक्री, आणि गैरहजेरीचा दंड. खेळ उघडताना आजवर एकूण किती तास गेले हा आकडा मोठ्या अक्षरांत समोर यावा. कित्येक खेळांत तो असतो, पण चार बटणांच्या आड. विश्रांतीचा बोनस वीस वर्षांपूर्वी जमला होता, तो आजही जमेल.

यावर कंपन्यांचा आक्षेप ठरलेला आहे, आणि तो पोकळ नाही. फुकट खेळ थोड्या खर्चिक खेळाडूंच्या पैशावर चालतात. बाकीचे सगळे त्यांच्या जिवावर फुकट खेळतात. मुलांकडून येणारा पैसा थांबवला तर काही खेळ पुन्हा महिन्याच्या वर्गणीवर जातील. म्हणजे ज्याचा बाप शंभर-दोनशे रुपये देऊ शकतो तो खेळेल, आणि बांधकामावरच्या मजुराचं पोर, जे आज त्याच्याइतक्याच रुबाबात रँक पुश करतं, ते बाहेर राहील. हे होऊ शकतं. पण ते पोर आज फुकट खेळतंय ही समजूत आधी तपासून घ्यायला हवी. पैसा आईच्या यूपीआयमधून कधीतरी जातोच, आणि झोप रोज जाते. वर्गणी निदान पहिल्या दिवशी सांगून घेतली जाते.